तळ्याकाठचा तळ : ॲडिरॉन्डॅकच्या अरण्यातील मुक्कामांचा इतिहास

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचा ॲडिरॉन्डॅक हा डोंगराळ प्रदेश अमेरिकेतील हौशी अरण्यवासाची जन्मभूमी मानला जातो. शिकारी, सैनिक, भूमापक, लाकूडतोडे हे सर्व काळी आणि सर्व देशांत रानात तळ देऊन राहिले. शहरात घरदार आणि कामधंदा असलेल्या माणसाने मात्र उन्हाळ्यातले काही आठवडे स्वखुशीने, केवळ आनंदासाठी, तंबूत काढायचे ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथील तळ्यांच्या काठी आकाराला आली आणि पुढे देशभर पसरली.

या डोंगरांत लहानमोठी तीन हजारांहून अधिक तळी आहेत. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी खडक खरवडून खळगे केले आणि मागे सरताना दगडगोट्यांचे बांध सोडले. त्या खळग्यांत आणि बांधांमागे पाणी साचले. बरीच तळी ओढ्यांनी आणि नद्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत, आणि जिथे पाणी तुटते तिथे पुढच्या पाण्यापर्यंत एखाद-दोन मैलांची पायवाट असते. सडका होण्यापूर्वी इथला प्रवास होडीनेच होई, त्यामुळे मुक्कामही पाण्याकाठीच पडे. काठावरच्या वाळूमिश्रित उंचवट्यांवर व्हाइट पाइन हा उंच सूचिपर्णी वृक्ष चांगला वाढतो. त्याच्याखाली गळलेल्या सुयांचा जाड थर साचतो, झुडपे कमी असतात, पावसाचे पाणी लवकर निचरते आणि तळ्यावरचा वारा डासमाश्यांना थोडा तरी दूर ठेवतो. जाणत्या माणसाची नजर मुक्कामासाठी अशाच जागेवर जाई. आत ओलसर जमिनीवर हेमलॉक, स्प्रूस आणि बाल्सम फर, उतारांवर बर्च आणि मेपल, आणि सर्वांच्या वर ५,३४४ फूट उंचीचे माउंट मार्सी हे शिखर, अशी या प्रदेशाची रचना आहे.

युरोपीय लोक येण्यापूर्वी आणि नंतरही मोहॉक आणि अबेनाकी लोक येथे शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी येत. बर्चच्या सालीची हलकी नाव, सालीने शाकारलेला आडोसा, कोणत्या तळ्यातून कोणत्या तळ्यात कसे उतरायचे याची स्मृती, ही सारी सामग्री त्यांची होती. गोऱ्या वसाहतकारांना या रानाची माहिती झाली ती बव्हंशी त्यांच्याकडून. टाहॉसजवळची लोखंडाची खाण १८२६ मध्ये सापडली, ती एका अबेनाकी माणसाने खनिज शोधणाऱ्यांना जागा दाखवली म्हणून. लाँग लेकचा मिचेल सॅबॅटिस हा अबेनाकी वाटाड्या तर पुढे निम्म्या शतकभर या प्रदेशातला सर्वांत नावाजलेला माणूस होता. शहरी प्रवाशांनी लिहिलेल्या पुस्तकांतून अरण्य ‘शोधल्याचे’ वर्णन येते, तेव्हा होडीच्या मागच्या टोकाला बसून वल्हे मारणारा माणूस ते रान लहानपणापासून ओळखत असे, हे विसरता कामा नये.

शहरांच्या दृष्टीने मात्र हा प्रदेश खरोखरच अनोळखी होता. लुइस आणि क्लार्क यांची मोहीम १८०५ मध्ये पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचली होती. न्यूयॉर्क शहरापासून अडीचशे मैलांच्या आसपास असलेल्या माउंट मार्सीवरची पहिली नोंदलेली चढाई त्यानंतर बत्तीस वर्षांनी, ५ ऑगस्ट १८३७ रोजी, भूशास्त्रज्ञ एबेनेझर एमन्स यांच्या तुकडीने केली. तोवर रानाच्या कडेकडेने लाकूडतोड सुरू झाली होती. पाइनचे लाकूड सरळ, हलके आणि पाण्यावर तरंगणारे. १८१३ पासून हडसन नदीच्या वरच्या भागात ओंडके वसंतातल्या पुरात सोडून खाली गिरण्यांकडे वाहून नेण्याची पद्धत पडली. मोठे पाइन आधी गेले, मग स्प्रूसची पाळी आली. हेमलॉकची साल कातडी कमावण्यासाठी सोलली जाई आणि सोललेले खोड पुष्कळदा जागीच कुजत पडे. हौशी मुक्कामांचा इतिहास आणि जंगलतोडीचा इतिहास हे एकाच रानात, एकाच वेळी घडत होते.

सुरुवातीचे हौशी प्रवासी थोडे आणि सुखवस्तू होते. जोएल हेडली यांचे १८४९ मधले पुस्तक वाचून न्यूयॉर्क-बॉस्टनकडचे काही शिकारी इकडे वळले. प्रत्येकाला वाटाड्या लागेच, कारण होडी त्याची, रस्ता त्याला ठाऊक, आणि स्वयंपाकही तोच करी. या वाटाड्यांनी आपल्या गरजेतून जी होडी घडवली ती कारागिरीचा उत्तम नमुना आहे. लांबी सुमारे सोळा फूट, वजन साठ ते पंचाहत्तर पौंड. तिच्या फासळ्या स्प्रूसच्या मुळांच्या नैसर्गिक बाकातून कापून काढत, त्यामुळे लाकडाचे तंतू वळणाबरोबर जात आणि फासळी बारीक असूनही मोडत नसे. त्यांवर पाइनच्या किंवा सीडरच्या पाव इंचाच्या आसपास जाडीच्या फळ्या बारीक खिळ्यांनी आणि स्क्रूंनी जडवत. तीन माणसे आणि सामान घेऊन ती पाण्यावर झपाट्याने जाई, आणि पाणी संपले की वाटाड्या ती पालथी करून लाकडी जुवाच्या आधाराने खांद्यावर घेई आणि पायवाटेने पुढच्या तळ्याकडे चालू लागे.

तळावर पोहोचल्यावर पहिले काम आडोशाचे. खांबांचा सांगाडा, त्यावर स्प्रूसची सोललेली साल, तीन बाजू बंद आणि चौथी पूर्ण उघडी. उघड्या बाजूसमोर ओंडक्यांची मोठी धुनी, जिची धग उतरत्या छपरावर आपटून आत झोपलेल्यांवर येई. खाली बाल्सम फरच्या कोवळ्या डहाळ्यांचा सुगंधी बिछाना. जेवणात ट्राउट मासे, हरणाचे मांस, खारवलेले डुकराचे मांस, तव्यावरच्या जाड पोळ्या आणि चहा. हरणाची शिकार बहुधा तळ्यातच होई. रात्री होडीच्या पुढच्या टोकाला कंदील लावून वाटाड्या आवाज न करता वल्हवत काठाजवळ नेई. पाणवनस्पती खायला उतरलेले हरीण उजेडाने दिपून उभे राही आणि पाहुणा गोळी झाडी. कुत्र्यांकरवी हरणाला पाण्यात पळवून तिथे मारण्याचीही रीत होती. या दोन्ही प्रकारांत शिकारीचे कौशल्य फारसे नव्हतेच, आणि हरणांची संख्या घटल्यावर १८९० च्या दशकाअखेर कायद्याने ते बंद करण्यात आले.

या काळातला सर्वांत प्रसिद्ध तळ १८५८ च्या ऑगस्टमध्ये फॉलन्सबी तळ्याच्या काठी पडला. चित्रकार आणि पत्रकार विल्यम स्टिलमन यांनी बॉस्टन-केंब्रिजकडच्या आपल्या विद्वान मित्रांना तिथे नेले. त्यांत विचारवंत राल्फ वॉल्डो इमर्सन, निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी, शरीररचनाशास्त्रज्ञ जेफ्रीज वायमन, कवी जेम्स रसेल लोवेल आणि न्यायाधीश एबेनेझर हॉर होते. हा मुक्काम पुढे ‘तत्त्वज्ञांचा तळ’ म्हणून ओळखला गेला. लाँगफेलो यांनाही बोलावणे होते. इमर्सन बंदूक घेऊन येणार हे कळल्यावर कोणाला तरी गोळी लागेल अशा धास्तीने त्यांनी नकार दिला, अशी आठवण स्टिलमन यांनी नोंदवली आहे. अगासी आणि वायमन मासे, बेडूक, पक्षी कापून तपासत, काहीजण नेमबाजीचा सराव करत, इमर्सन होडीतून एकटेच वाटाड्याबरोबर फिरत. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तारेची पहिली केबल अटलांटिकच्या तळाशी टाकली गेल्याची बातमी त्यांना या रानातच समजली. इमर्सन यांनी या मुक्कामावर दीर्घ कविता लिहिली आणि स्टिलमन यांनी चित्र रंगवले. त्या चित्रात झाडांच्या बुंध्यांमध्ये एकीकडे शास्त्रज्ञांचा आणि दुसरीकडे नेमबाजांचा घोळका दिसतो. कवितेत वाटाड्यांच्या ताकदीचे आणि कसबाचे मोकळे कौतुक आहे. शिकलेल्या माणसाला रानात कोणाच्या तरी हाताखाली शिकावे लागते ही जाणीव या विद्वानांना झाली, हे त्या मुक्कामाचे मोठेपण. मंडळींनी पुढच्या वर्षी ॲम्परसँड तळ्याभोवतीची जमीनही घेतली. पण यादवी युद्ध आले आणि तो बेत मागे पडला.

युद्धानंतर चार वर्षांनी चित्र पालटले, तेही एका पुस्तकामुळे. बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चचे तरुण धर्मोपदेशक विल्यम एच. एच. मरे उन्हाळ्यात रॅकेट लेकमधल्या ऑस्प्रे बेटावर तळ ठोकून राहत. १८६९ च्या वसंतात त्यांचे ‘ॲडव्हेंचर्स इन द विल्डरनेस’ हे पुस्तक निघाले. शिकारीच्या आणि होडीच्या गमतीदार, बऱ्याच अंशी रंगवून सांगितलेल्या गोष्टी त्यात होत्याच. पण मरे यांनी जोडीला आधीच्या लेखकांनी न दिलेले काहीतरी दिले. कोणत्या गाडीने निघायचे, कुठे उतरायचे, वाटाड्याला दिवसाचे किती द्यायचे (साधारण अडीच डॉलर), कपडे कोणते, सामान किती, कोणत्या महिन्यात यायचे, सगळे व्यवस्थित. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मुक्कामाला त्यांनी एक कारण दिले. शहरातल्या बैठ्या कामाने थकलेल्या माणसाचे शरीर आणि मन रानात दुरुस्त होते, आणि देवाची जाणीवही तिथे अधिक निर्मळ होते, असे ते एका प्रतिष्ठित चर्चच्या व्यासपीठावरचे अधिकारी म्हणून सांगत होते. काम न करता महिनाभर राहणे हा आळस आहे असे मानणाऱ्या समाजाला असा परवाना हवाच होता. स्त्रियांनीही यावे असे त्यांनी आवर्जून लिहिले आणि त्यांच्या पोषाखाची सूचनाही दिली.

पुस्तकाच्या काही महिन्यांत अनेक आवृत्त्या निघाल्या. रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशा जोडलेली प्रवाशांसाठीची वेगळी आवृत्तीही आली. त्या जूनपासून लोकांची रीघ लागली. खाणावळींत खाटा पुरेनात, जुने वाटाडे आधीच ठरलेले, म्हणून कालपर्यंत शेतावर राबणारी मुलेही वाटाडे म्हणून उभी राहिली. त्यात तो उन्हाळा पावसाचा गेला आणि काळ्या माश्यांनी लोकांना फोडून काढले. मरे यांनी या माशीला अगदी निरुपद्रवी ठरवले होते, आणि ते खरे नव्हते. मे-जूनमध्ये ती कानामागे आणि केसांत शिरून रक्त काढते. निराश होऊन परतलेल्यांना वर्तमानपत्रांनी ‘मरेचे मूर्ख’ असे नाव दिले. क्षयरोगी तरुण रानात बरा होऊन परतल्याची एक गोष्ट पुस्तकात होती. तिच्यावर विसंबून काही अत्यवस्थ रुग्ण आले आणि त्यांतले काही तिथेच दगावले. ही त्या पुस्तकाची सर्वांत दुःखद बाजू. मरे यांनी वर्तमानपत्रातून आपली बाजू मांडली. पत्रकार केट फील्ड त्या उन्हाळ्यात मैत्रिणींसह तळ ठोकून राहिल्या आणि परतल्यावर त्यांनी गावोगाव व्याख्याने देऊन या जीवनाची तरफदारी केली. टीका विरली आणि लोक येतच राहिले. १८७१ मध्ये रेल्वे नॉर्थ क्रीकपर्यंत आली, १८७४ मध्ये छायाचित्रकार सेनेका रे स्टॉडर्ड यांची सचित्र मार्गदर्शिका आली, आणि १८९२ मध्ये तर रानाच्या मधूनच रूळ गेले.

हवेच्या गुणाबद्दलची समजूत मात्र पूर्ण फोल ठरली नाही. स्वतः क्षयाने ग्रासलेले डॉक्टर एडवर्ड ट्रूडो १८७३ मध्ये पॉल स्मिथ यांच्या तळ्याकाठच्या हॉटेलात मरणाच्या तयारीनेच आले आणि सुधारले. पुढे सॅरनॅक लेक गावी त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार हा तिथला उपचार. प्रतिजैविके येईपर्यंत त्या गावाची अर्थव्यवस्था या रुग्णांवर उभी होती, आणि तिथल्या घरांना काचा लावलेले रुंद व्हरांडे दिसतात ते याच काळातले.

वाटाड्याशिवाय रान नाही हा नियम मोडला तो एका चांभाराने. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावचे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स ‘नेसमक’ या टोपणनावाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकात लिहीत. अंगाने किरकोळ, छातीचे दुखणे असलेले, खिशाने गरीब. कँटनच्या जे. हेन्री रश्टन या नावा बांधणाऱ्या कारागिराकडून त्यांनी हलक्यात हलकी नाव करवून घेतली. तिसरी नाव नऊ फूट लांब आणि अवघी साडेदहा पौंडांची झाली. १८८३ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, ती घेऊन त्यांनी ॲडिरॉन्डॅकच्या तळ्यांतून २६६ मैलांचा प्रवास एकट्याने केला. त्यांचे म्हणणे सरळ होते: वाटाड्याचा खर्च कारकुनाला आणि कामगाराला झेपत नाही, तेव्हा ओझे इतके कमी करावे की साध्या माणसाला आपल्या बळावर रानात जाता येईल. पुढच्या वर्षी आलेल्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्यांनी कुऱ्हाड, भांडी, आडोसा, शेकोटी यांबद्दल तपशीलवार लिहिले. माश्यांवरचा त्यांचा लेपही त्यात आहे: तीन औंस पाइनचे डांबर, दोन औंस एरंडेल आणि एक औंस पेनीरॉयलचे तेल, मंद आचेवर उकळून. तो चेहऱ्याला फासायचा आणि मुक्काम संपेपर्यंत धुवायचा नाही. त्यांची ती साडेदहा पौंडांची नाव आजही जतन केलेली आहे. आजच्या हलक्या तंबूंच्या आणि पाठपिशव्यांच्या सगळ्या व्यवहारामागे जो विचार आहे तो सीअर्स यांनी प्रथम स्वच्छ मांडला, म्हणून या इतिहासात त्यांची जागा इमर्सन यांच्यापेक्षा मोठी मानायला हवी.

त्याच वर्षांत दुसऱ्या टोकाला धनिकांचे ‘कॅम्प’ उभे राहत होते. विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी १८७० च्या दशकाअखेर रॅकेट लेकच्या काठी ‘पाइन नॉट’ बांधायला घेतला. न सोललेले ओंडके, सालीसकट फांद्यांचे कठडे, दगडी चुली. नाव कॅम्पचे, पण प्रत्यक्षात जेवणघर, शयनगृहे, नोकरांची घरे अशा अनेक इमारतींचे खाजगी खेडे. त्यांनीच बांधलेला ‘सॅगमोर’ १९०१ मध्ये व्हँडरबिल्ट कुटुंबाकडे गेला. अशा मालकांनी आणि शिकारी क्लबांनी हजारो एकर जमिनी घेऊन प्रवेशबंदीच्या पाट्या लावल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तळ्यांवर मासे धरले तिथे जाणे स्थानिकांसाठी गुन्हा झाला. विल्यम रॉकफेलर यांच्या जमिनीतल्या नदीत मासे धरल्याबद्दल ऑलिव्हर लमोरा या वृद्ध माजी सैनिकावर खटला झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. कुंपणांची मोडतोड, आगी लावणे, पहारेकऱ्यांशी झटापटी यांनी ती वर्षे भरलेली आहेत. सगळीच तळी अशी खाजगी झाली असती, तर तंबू घेऊन निघालेल्या साध्या माणसाला पाण्याकाठी जागा उरली नसती. ती उरली याचे कारण राज्याचा कायदा, आणि त्या कायद्याच्या मुळाशी पाणी होते.

जंगल तोडले की झरे आटतात आणि पूर वाढतात, हा विचार जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८६४ मधल्या ‘मॅन अँड नेचर’ या ग्रंथात मांडला होता. ॲडिरॉन्डॅकच्या पाण्यावर हडसन नदी चाले, एरी कालव्यालाही ते लागे, आणि त्या कालव्यावर न्यूयॉर्क शहराचा व्यापार. राज्याने सर्वेक्षणासाठी नेमलेले व्हर्प्लँक कॉल्विन १८७२ मध्ये माउंट मार्सीच्या अंगावर सुमारे ४,३०० फूट उंचीवरच्या एका छोट्या तळ्यापाशी पोहोचले. ‘लेक टिअर ऑफ द क्लाउड्स’ असे नाव त्यांनी त्याला दिले आणि हडसनचा हाच सर्वांत उंचावरचा उगम आहे हे दाखवून दिले. वरचे डोंगर उघडे पडले तर खालच्या कालव्यात पाणी राहणार नाही, हे ते आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षे बजावत राहिले. शेवटी व्यापाऱ्यांनाच धास्ती वाटू लागली.

राज्याकडे जमीन होती तीही मोठ्या विचित्र वाटेने आलेली. लाकूड कंपन्या झाडे तोडून झाली की त्या जमिनीवरचा कर भरणे बंद करत आणि थकबाकीपोटी जमीन राज्याकडे येई. म्हणजे आज ज्या भागाला अस्पर्श अरण्य समजले जाते त्याचा मोठा हिस्सा एकदा तोडून टाकून दिलेला आहे. १५ मे १८८५ रोजी विधिमंडळाने अशा जमिनींचे ‘फॉरेस्ट प्रिझर्व्ह’ केले. ॲडिरॉन्डॅकमधली त्यातली जमीन सुमारे पावणेसात लाख एकर होती. १८९२ मध्ये तिच्याभोवती नकाशावर निळी रेघ ओढून ॲडिरॉन्डॅक पार्क जाहीर झाले. पण पुढच्याच वर्षी राखीव जमिनीवरचे लाकूड विकण्याची मुभा देणारा कायदा आला. त्यावर उसळलेल्या रोषातून १८९४ च्या घटना परिषदेत डेव्हिड मॅक्लुअर यांनी एक कलम मांडले. या जमिनी कायम रानटी अरण्य म्हणूनच राखल्या जातील. त्या विकता, भाड्याने देता वा अदलाबदल करता येणार नाहीत. आणि त्यांवरचे लाकूड विकता, काढता किंवा नष्ट करता येणार नाही. कलम १२२ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले आणि १ जानेवारी १८९५ पासून लागू झाले. अरण्याचे रक्षण साध्या कायद्यात न ठेवता राज्यघटनेत घातल्यामुळे, त्यात बदल करायचा तर विधिमंडळाच्या दोन वेगवेगळ्या बैठकांची संमती आणि नंतर जनतेचे मतदान लागते. जगात इतके भक्कम संरक्षण फार थोड्या जंगलांना लाभले आहे.

हडसनच्या उगमाच्या त्या तळ्याचा संबंध अमेरिकेच्या राजकीय इतिहासाशीही आला. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते सावरत आहेत असे डॉक्टरांनी सांगितल्यावर उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कुटुंबासह डोंगरांत आले. १३ तारखेला ते मार्सीवर चढून उतरत असताना या तळ्यापाशी जेवायला थांबले होते. तिथे एक वाटाड्या मॅकिन्ली यांची प्रकृती खालावल्याची तार घेऊन धापा टाकत पोहोचला. रूझवेल्ट त्याच रात्री घोडागाडीने, टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत, अंधाऱ्या डोंगरी वाटेने नॉर्थ क्रीक स्थानकाकडे निघाले. वाटेत असतानाच मॅकिन्ली यांचा मृत्यू झाला होता.

कलमाने कुऱ्हाड थांबवली, आग थांबवता आली नाही. लाकूडतोड्यांनी खाजगी जमिनींवर टाकलेला पाचोळा आणि शेंडे, कोरडे वसंत, आणि इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्या यांमुळे १९०३ मध्ये चार लाख एकरांहून अधिक रान जळले. १९०८ मध्ये पुन्हा मोठे वणवे झाले. त्यानंतर इंजिनांना वणव्याच्या मोसमात दिवसा कोळशाऐवजी तेल जाळण्याची सक्ती झाली आणि डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे आले. मुक्कामाला येणाऱ्यांच्या सवयींवरही याच काळात बंधने आली. पूर्वी प्रत्येक तुकडी नवा आडोसा बांधी आणि त्यासाठी उभ्या स्प्रूसची साल सोली. साल गेली की झाड मरते. राज्याच्या जमिनीवर जिवंत झाड तोडणे वा सोलणे आता घटनेविरुद्ध होते. त्यावर तोडगा म्हणून १९२० च्या सुमारास राज्याने ओंडक्यांचे टिकाऊ आडोसे स्वतः बांधायला सुरुवात केली. आकार तोच जुना: तीन भिंती, उतरते छप्पर, समोर दगडी चूल. आज असे दोनशेहून अधिक आडोसे तळ्यांच्या आणि वाटांच्या कडेला आहेत. बाल्समच्या डहाळ्यांचा बिछाना मात्र गेला.

मोटारी आल्यावर मुक्काम खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला. १९२० च्या दशकात राज्याने सडकेलगत तळ्याकाठी सार्वजनिक तळ उघडले. नळ, संडास, चुली आणि आखून दिलेल्या जागा असलेले. महामंदीत, १९३३ ते १९४२ या काळात, बेरोजगार तरुणांच्या सरकारी तुकड्यांनी असे तळ वाढवले, वाटा बांधल्या, रोपे लावली. सडक नको असलेल्यांसाठी नॉर्थव्हिल ते लेक प्लॅसिड ही सुमारे १३० मैलांची पायवाट १९२४ मध्ये पूर्ण झाली होती.

घटनेतल्या कलमाची खरी परीक्षा १९३० मध्ये झाली. १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी लेक प्लॅसिडजवळ राज्याच्या जमिनीवर बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीसाठी घसरण बांधायची होती आणि त्यासाठी सुमारे २,५०० झाडे जाणार होती. ॲडिरॉन्डॅकच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेने दावा लावला. खेळ हे लोकहिताचे काम असले तरी कलमाचा अर्थ स्पष्ट आहे, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने परवानगी नाकारली. घसरण मग खाजगी जमिनीवर झाली. १८९४ च्या परिषदेचे सदस्य लुई मार्शल या कलमाचे आयुष्यभर खंदे पाठीराखे होते. त्यांचे पुत्र बॉब आणि जॉर्ज यांनी वाटाडे हर्बर्ट क्लार्क यांच्यासह १९१८ ते १९२५ या काळात येथील ४,००० फुटांवरची मानलेली सर्व ४६ शिखरे सर केली. बॉब मार्शल यांनी पुढे १९३५ मध्ये विल्डरनेस सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याच संस्थेचे हॉवर्ड झानिझर यांचे ॲडिरॉन्डॅकमध्ये एक छोटे घर होते. १९६४ चा राष्ट्रीय अरण्य कायदा घडवताना हे कलम त्यांच्यासमोर होते.

एक जुनी सवय मोडायला मात्र बराच काळ लागला. राज्याच्या जमिनीवर काही कुटुंबे परवाना घेऊन लाकडी चौथऱ्यांवर कायमचे तंबू उभारत, दरवर्षी तेच, त्याच जागी. हळूहळू त्यांना दारे-खिडक्या आल्या आणि सर्वांचा किनारा मोजक्या लोकांचा होऊ लागला. १९७१ मध्ये पार्कसाठी स्वतंत्र नियामक संस्था झाली, आणि १९७२ च्या जमीन आराखड्यानुसार हे चौथरे १९७६ पर्यंत काढून टाकण्यात आले. वर्षानुवर्षे तिथे उन्हाळे काढलेल्यांना ते फार लागले. तरीही निर्णय योग्यच होता.

दरम्यान तळ्यांवर दूरचे संकट आले. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या कोळशाच्या वीज केंद्रांतून निघालेले गंधकाचे वायू पावसातून आणि बर्फातून आम्ल होऊन या डोंगरांवर उतरत. येथील माती पातळ, खडक आम्लाला निष्प्रभ न करणारा. त्यामुळे उंचावरच्या अनेक तळ्यांतले ट्राउट नाहीसे झाले. पाणी काचेसारखे नितळ दिसे आणि त्यात जीव नसे. १९९० च्या राष्ट्रीय हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर गंधकाचे उत्सर्जन उतरले आणि काही तळी सावरू लागली. मातीतून गेलेले कॅल्शियमचे अंश भरून येण्याचा वेग मात्र फार मंद आहे.

आज निळ्या रेघेच्या आत सुमारे ६० लाख एकर जमीन आहे. त्यातली २६ लाख एकरांच्या आसपास जमीन राज्याची आणि घटनेने राखलेली; बाकीची खाजगी, तिच्यावर गावे, शेते, लाकूड कंपन्यांची रानेही आहेत आणि एक लाख तीस हजारांच्या आसपास माणसे बारमाही राहतात. तत्त्वज्ञांच्या तळाचे फॉलन्सबी तळे दीर्घकाळ खाजगी राहिले. २००८ मध्ये ते नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने विकत घेतले. राज्याच्या जमिनीवर तंबू लावणाऱ्याला आता पाणी, वाट आणि सडक यांपासून १५० फूट दूर राहावे लागते. त्याहून जवळ राहायचे तर खुणेची चकती लावलेलीच जागा हवी. ४,००० फुटांवर उन्हाळी मुक्कामाला मनाई आहे. पूर्वेकडच्या उंच शिखरांच्या भागात शेकोटी पेटवता येत नाही आणि २००५ पासून एप्रिल ते नोव्हेंबर या काळात अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे लागते. रानातल्या साध्या तळांना भाडे नाही आणि आरक्षणही नाही. जो आधी येईल त्याची जागा. ओंडक्यांच्या आडोशात तंबू उभारता येत नाही, आणि तो पूर्ण भरेपर्यंत मागाहून आलेल्या प्रवाशांना आत जागा द्यावी लागते.